वाचकांचे प्रश्न : अठ्ठावीस मीटर धावदोरा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : घरात तान्हे बाळ आहे आणि शिवणही आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझे बाळ चार महिन्यांचे आहे. उदगीरला सात माणसांच्या एकत्र कुटुंबात आम्ही राहतो. मी लग्नाआधीपासून शिवते. बाळंतविड्यातील झबली, टोपडी, कुंच्या आणि लंगोट मी सातव्या महिन्यातच माहेरी बसून शिवून ठेवले होते. ते सगळ्यांना फार आवडले आणि तिथूनच माझी अडचण सुरू झाली. नणंदेला तिच्या होणाऱ्या बाळासाठी तीन दुपटी हवी आहेत, मोठ्या जाऊबाईंना दोन्ही मुलींचे परकर-पोलके हवे आहेत, चुलतसासूबाईंनी जुन्या साड्यांचे गाठोडे गोधडीसाठी आणून ठेवले आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, ‘दिवसभर बसून तर असतेस, लेकरू झोपलं की मशीनवर बस.’ मशीन सुरू झाली की बाळ दचकून उठते. त्यात संक्रांतीनंतर बोरन्हाण आहे आणि त्याचे काळे झबले मला माझ्याच हाताने शिवायचे आहे. शिवणे मला मनापासून आवडते, पण हल्ली मशीनवरचे झाकण काढतानाच रडू येते. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘बसून तर असतेस’ या तीन शब्दांचा आधी हिशेब करू. चार महिन्यांचे बाळ केवळ अंगावर पीत असेल, आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत ते तसेच प्यावे, तर दिवसरात्रीत आठ वेळा पाजणे काही विशेष नाही. एका वेळेला वीस मिनिटे धरली तरी ती दोन तास चाळीस मिनिटे झाली, आणि त्यात ढेकर काढणे, कपडे बदलणे, लंगोट धुणे आणि रात्रीची मोडलेली झोप अजून आलेलीच नाही. तुम्ही बसलेल्या असता हे खरे आहे, पण पाजणारी बाई बसलेली असते ती कामावर बसलेली असते. हे आत्याबाईंना वादाच्या सुरात सांगू नका. त्यांनीही हे सगळे केलेले आहे, फक्त त्याला बरीच वर्षे झाली आहेत. एक दिवस पाजण्याच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नोंदवत जा आणि तो कागद सर्वांना दिसेल असा राहू द्या. माझ्या अनुभवात घरातल्या वडीलधाऱ्यांना युक्तिवादापेक्षा हिशेब लवकर पटतो.

दुसरा हिशेब दुपट्याचा. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे दुहेरी दुपटे घ्या. आपल्याकडे वाकळ शिवताना जसा कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत जातात तसा तो घातला आणि दोन ओळींत दोन बोटांचे, म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटरचे अंतर ठेवले, तर एकूण टाके जवळजवळ अठ्ठावीस मीटर लांबीचे होतात. हात बसलेल्या बाईला एक मीटर धावदोऱ्याला पंधरा मिनिटे लागतात असे धरले तरी सात तास झाले. चार महिन्यांच्या बाळाच्या दिवसाच्या झोपा तुकड्यातुकड्यांच्या असतात. त्यातली एक तुमच्या स्वतःच्या झोपेसाठी, एक आंघोळ-जेवणासाठी गेली, तर शिवणाला मिळते ती वीस मिनिटांची एखादी बैठक. सात तास म्हणजे अशा एकवीस बैठका, म्हणजे एका दुपट्याला तीन आठवडे आणि नणंदेच्या तीन दुपट्यांना दोन महिन्यांहून अधिक काळ. मागणी करणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याने तयार दुपटे पाहिलेले असते, बैठका पाहिलेल्या नसतात. म्हणून ‘जमणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘वन्सं, एकवीस बैठकांचे काम आहे, एक दुपटे तुमच्या बाराव्या दिवसापर्यंत नक्की देते, बाकीची दोन मलमलची नुसती कडा दुमडून देते’ असे सांगा. ज्या कापडाला फक्त चारही बाजूंनी तुरपाई करायची आहे, ते दुपटे तीन-चार बैठकांत होते आणि उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला तेच अधिक सोयीचे असते. आपल्याकडे मार्च संपत आला की दुहेरी कापडही नकोसे होते.

आता मशीनविषयी. तुम्हाला मिळालेला सल्लाच उलटा आहे असे मला वाटते. लेकरू झोपले की मशीन नव्हे, हातशिलाई घ्यावी : तुरपाई, काज, बटण, धावदोरा. या कामांचा आवाज नसतो आणि बाळ कुरकुरले तर सुई कापडात टोचून, कापड डब्यात ठेवून लगेच उठता येते. मशीन आणि कात्री मात्र बाळ जागे आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर असताना चालवावी. बेतणे हे तर मुळीच तुकड्यांत करण्याचे काम नाही. उभा धागा बघून, खडूच्या खुणा करून, माप पुन्हा तपासून कापड कापायला सलग तास-दीड तास लागतो आणि मध्येच उठले की नेमकी बाही उलटी कापली जाते. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते, कारण माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्याच होत्या. आठवड्यातून एकदा तास-दीड तास, रविवारी किंवा तुमच्या यजमानांना सुट्टी असेल त्या दिवशी, बाळ त्यांच्याकडे देऊन पुढच्या आठवडाभराचे सगळे कापड एकदम बेतून ठेवा. एकेका कपड्याचे तुकडे वेगवेगळ्या पिशवीत, सोबत त्याच रंगाचा दोरा आणि बटणे अशी तयारी असली, तर वीस मिनिटांतली दहा मिनिटे वस्तू शोधण्यात जात नाहीत. मशीन पायाची असेल तर तिच्या पायांखाली जुन्या वाकळेच्या घड्या घाला. लादीवरची थरथर बरीच कमी होते. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल आणि पायटा चालवताना टाक्याच्या जागी किंवा कमरेत ओढ जाणवत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते ओढून नेऊ नका.

जाऊबाईंच्या मुलींचे परकर-पोलके तुम्ही या हंगामात शिवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मापे घेणे, अस्तर लावणे, काठ जुळवणे हे मोठ्या माणसाच्या कपड्याइतकेच काम आहे आणि त्यासाठी गावात शिंपी आहेत. चुलतसासूबाईंचे गाठोडे मात्र परत करू नका. ते आत्याबाईंकडे सोपवा. तुमच्या पत्रातून त्या शिवणातल्या जाणत्या आहेत की नाही हे कळत नाही, पण मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या बायकांपैकी वाकळ न शिवलेली बाई विरळाच. साड्या उसवून, पदर वेगळे करून, थर लावून चारही कडांना टाचण घालण्याचे काम त्यांनी केले आणि आतला धावदोरा घरात ज्या कोणाला वेळ मिळेल तिने चार ओळी असा घातला, तर ती वाकळ साऱ्या घराची होते. टाके सारखे येणार नाहीत हे खरे, पण जुन्या वाकळीतले टाकेही कधी एका हाताचे नव्हते.

राहिले बोरन्हाणाचे झबले. ते तुम्हीच शिवा आणि बाकीचे सगळे त्यासाठी मागे ठेवा. एक दिलासा असा की बोरन्हाण संक्रांतीच्याच दिवशी करावे लागत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी ते करता येते, तेव्हा चौदा जानेवारीचे ओझे घेण्याचे कारण नाही. कापड अर्धा मीटर पुरते. काळे सुती कापड घ्या आणि बेतण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुवा, कारण नव्या काळ्या कापडाचा रंग घामाने अंगाला लागतो आणि नवे सूत पहिल्या धुण्यात आटतेही. झबले पाठीवर उघडे ठेवून आखूड नाड्यांनी बांधायचे करा, गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा म्हणजे शिवण मऊ बसते, आणि माप छातीच्या घेरापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर सैल धरा. काळ्यावर काळा दोरा रात्री दिव्याखाली दिसत नाही. हे काम दुपारच्या उजेडातले आहे. हलव्याचे दागिने थेट झबल्यावर शिवू नका. ते एका वेगळ्या पट्टीवर ओवा, ती पट्टी आयत्या वेळी वरून बांधा आणि छायाचित्र काढून झाले की लगेच सोडा. या वयाचे बाळ हाताला येईल ते तोंडात घालते, आणि हलव्याचा दाणा, बोर, हरभरा, चुरमुरा यांतले काहीही त्याच्या घशात अडकू शकते. डोक्यावरून ओतायची बोरे आणि उसाचे करवे बाळाच्या अंगावर नव्हे तर त्याच्या भोवती बसलेल्या मोठ्या मुलांपुढे ओता. मुलांना त्यातच गंमत असते.

झाकण काढताना रडू येते असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. ते केवळ कामाच्या ओझ्यामुळे असेल तर वरचे उपाय पुरतील. तसे नसेल, तर पुढच्या पत्राचे उत्तर तुम्हीही वाचावे.

प्रश्न : बाळंतपण होऊन तीन महिने झाले. मला भरतकामाचा आणि शिवणाचा फार नाद होता. आता कापड हातात धरवत नाही. बाळ झोपले तरी मला झोप येत नाही, कारण नसताना रडू येते, आपण चांगली आई नाही असे वाटत राहते. घरचे म्हणतात, ‘सगळ्याच बायकांना होतं, थोडं शिवायला घे, मन रमेल.’ मन रमवण्यासाठी काय शिवू? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सध्या काहीही शिवू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे खरोखरच बहुतेकींना होते आणि आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, झोप उडाली आणि आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. तुमचे बाळंतपण जिथे झाले तिथल्या डॉक्टरांना हे सगळे, जसे मला लिहिले तसेच, सांगा. अंगावर पाजत असताना चालणारी औषधेही असतात. ती कोणती हे डॉक्टर ठरवतील. घराबाहेर पडणे अवघड असेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला काही करावे असा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि तोवर एकट्या राहू नका. हे उत्तर घरच्यांना वाचायला द्या. शिवणाची पेटी कुठे जात नाही.

प्रश्न : मी सेलूला राहते. माझ्या आईच्या लुगड्यांची वाकळ मी नातवासाठी दोन महिने खपून शिवली आणि बारशाला पुण्याला घेऊन गेले. सूनबाईंनी ती घडी करून कपाटात ठेवली आहे. ‘डॉक्टरांनी पांघरूण घालू नका म्हणून सांगितले आहे’ असे त्या म्हणतात. आमची चार लेकरे वाकळीतच वाढली. मला फार लागले.

उत्तर : आजी, आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, आणि तरीही सूनबाईंनी योग्य केले आहे. बाळ वर्षाचे होईपर्यंत झोपेत त्याच्या अंगावर सैल किंवा जाड पांघरूण, डोक्याशी उशी, शेजारी मऊ गाठोडे असे काही असू नये, असे आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. पांघरूण नाकातोंडावर आले तर तान्ह्या बाळाला ते दूर करता येत नाही, आणि जाड कपड्याखाली त्याचे अंग प्रमाणाबाहेर तापते. बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर निजवायचे, हाच आता नियम आहे. आपली चार लेकरे सुखरूप वाढली याचा आनंदच आहे, पण त्या काळी जी वाढली नाहीत त्यांचे कारण कोणाला कळत नसे.

वाकळीला मात्र कपाटाबाहेर येण्याचे दुसरे मार्ग आहेत. बाळ जागे असताना, कोणी तरी जवळ बसलेले असताना, पालथे पडायला शिकते ते जमिनीवर. तिथे अंथरायला वाकळीइतके चांगले काही नाही. फरशी गार लागत नाही, आणि लुगड्यांचे रंगीत तुकडे बाळ टक लावून बघते. देण्यापूर्वी आपण त्यावर टिकल्या, आरसे, घुंगरू किंवा बटणे लावली असतील तर काढून टाका आणि मागच्या बाजूचे सुटे दोरे कापा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सुटा दोरा किंवा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि बाळ का रडते हे कितीतरी वेळ कोणाच्या लक्षात येत नाही. हातमोजे-पायमोजे उलटे करून तेही तपासावेत.

लुगड्याचा तुकडा उरला असेल तर त्याचे एकेरी दुपटे करा. नऊवार लुगडे आठ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे विरलेला भाग सोडला तरी मीटरभराचे पाच-सहा चौकोन सहज निघतात. किती तरी धुण्यांनी मऊ झालेले सूत बाजारात विकत मिळत नाही, आणि बाळाला उचलून घेताना भोवती गुंडाळायला असे दुपटे सूनबाईंना दिवसातून दहा वेळा लागेल. ते देताना वाकळीविषयी काही बोलू नका. बाळ दीड-दोन वर्षांचे झाले की स्वतःच ती ओढत नेईल.

प्रश्न : माझी पत्नी घरच्यांसाठी शिवते. बाळ आता रांगू लागले आहे. मी दुकानात हिशेब लिहितो, संध्याकाळी सातला घरी येतो. तिला मदत करावी असे वाटते, पण मला सुईत दोराही ओवता येत नाही. — हिंगोली

उत्तर : तुम्ही हिशेब लिहिता, तेव्हा सर्वांत उपयोगी काम तुम्हालाच येते. शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा आणि त्यावर हातसुया किती, टाचण्या किती, मशीनच्या सुया किती हे लिहा. रात्री काम आवरल्यावर तुम्ही मोजायचे. एक जरी कमी भरली तरी दिवा लावून, लोहचुंबक फिरवून ती सापडेपर्यंत बाळाला जमिनीवर सोडायचे नाही. रांगणारे बाळ आठ-नऊ महिन्यांत अंगठा आणि बोट जुळवून टाचणीसुद्धा उचलते. काही गिळल्याची शंका आली तर केळे खाऊ घालणे, उलटी काढणे असले काही न करता तडक रुग्णालय गाठा.

पायाची मशीन असेल तर काम झाल्यावर चाकावरचा चामडी पट्टा उतरवून ठेवा. बाळाने पायटा हलवला तरी चाक फिरत नाही आणि बोटे वाचतात. मोटर असेल तर प्लग काढा. मशीनला तेल घालणे, बॉबिन भरून ठेवणे, कात्रीला धार लावून आणणे ही कामे तुम्ही आठवड्यातून एकदा करू शकता. आणि रोज सातनंतरचा पाऊण तास बाळाला घेऊन घराबाहेर, निदान गच्चीवर तरी जा. घरातच बाळ घेऊन बसलात तर ते आईच्या मशीनकडेच झेप घेईल.

दोरा ओवायला मात्र शिका. टोक तिरके कापायचे, सुई पांढऱ्या कागदासमोर धरायची, आणि दोरा नेड्यात ढकलण्याऐवजी चिमटीत घट्ट धरून नेडेच दोऱ्यावर आणायचे. दोन दिवसांत जमते. मग रोज रात्री पाच सुया ओवून, कोरड्या साबणाच्या वडीत टोचून, ती वडी उंच फळीवर ठेवत जा. दुपारी बाळ झोपल्यावर तिच्या वीस मिनिटांतली तीन-चार मिनिटे वाचतील. त्या पाच सुयाही चिठ्ठीवर लिहा.